अंग धरलंय

सकाळी उठल्यावर चेहरा तिचा नसतो.

दुपारपर्यंत तो उतरतो. गालांतून मानेत येतो, तिथून कुठं जातो कळत नाही, आणि संध्याकाळी पायांत सापडतो. मोजे काढले की त्यांची किनार कातडीवर तशीच राहते. रात्री आडवं झालं की ते जे काही आहे ते पुन्हा वर सरकायला लागतं. सकाळी पापण्यांवर येऊन बसतं.

म्हणून माया हल्ली उशीवर उशी ठेवून झोपते. उपयोग होत नाही.

तिला भीती वाटते. हे आधी सांगायला हवं, कारण यापुढं सगळे जण तिला चांगलंच बोलणार आहेत.


"किती गोड दिसतीयस"

हे शिवांजली म्हणाली. मिरजेत नर्सिंगच्या हॉस्टेलवर दोघी एका खोलीत राहतात. शिवांजली खंडाळ्याकडची, वडील फौजेत, घरी ऊस. माया जतच्या पूर्वेकडची, जिथं ज्वारी पावसावर येते आणि उन्हाळ्यात पाणी टँकरनं. शिवांजली गोरी. हे दोघींमध्ये कधी बोललं गेलं नाही. बोलायची गरज पडली नाही.

त्या सकाळी शिवांजलीनं केस विंचरता विंचरता मागं बघितलं आणि म्हणाली, गाल बघ की तुझे, कसे वर आलेत, आधी नुसती हाडं होती. जवळ येऊन तिनं गालाला बोट लावलं. माया मागं सरकली.

"अगं, काय झालं?"

"काही नाही. दुखतंय."

दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं. बोटाची खूण गालावर राहील आणि ती शिवांजलीला दिसेल, एवढंच तिच्या मनात आलं होतं.


"तुझा आवाज चांगला आहे"

कार्यक्रम कुठलाही असो, पाहुणे येतात, आणि पाहुण्यांना दारात ओवाळायला मुली लागतात. नऊवारी, नथ, हातात ताट, ताटात निरांजन. मुली निवडायला एक बाई रांगेसमोरून चालत जातात आणि बोट दाखवतात. तू. तू. तू ये. रंगाबद्दल त्या काही बोलत नाहीत. कुणीच कधी बोलत नाही. बोट मायापाशी आलं की जरासं थांबायचं, आणि मग बाई म्हणायच्या, तुझा आवाज चांगला आहे, तू माईकवर बोल.

माईक पडद्यामागं असायचा.

शाळेत हेच. ज्युनिअर कॉलेजला हेच. मिरजेला आल्यावर पहिल्या वर्षी तेच. सुस्वागतम म्हणताना पडद्याच्या फटीतून तिला ताट धरलेल्या मुलींच्या पाठी दिसायच्या. तिचा आवाज खरंच चांगला होता. त्यामुळं कुणाला काही म्हणताही यायचं नाही.

धाकटी बहीण अपेक्षा तिच्याहून सावळी. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून आवाज यायचा, लाईट गेली का रं? वर्ग हसायचा. एकदा सरही हसले. अपेक्षानं हे घरी गंमत म्हणून सांगितलं, पोरांची नक्कल करून, सरांची नक्कल करून. आई हसली नाही, तेव्हा तिनं आईचा पदर ओढला.

"हस की गं, आये. गंमत हाय."


"अंगठी काढून ठेव"

लावायच्या आधी अंगठी काढून ठेव. सोन्याची असली तर पांढरी पडती.

डबीवर नाव न्हाई म्हणून बघू नको. नाववाल्या क्रीमनं काय झालं तुझं आजपर्यंत?

डबी उन्हात ठेवायची न्हाई. तूपण उन्हात जायचं न्हाई.

पहिल्यांदा चुरचुरतं. चुरचुरलं म्हंजे काम कराय लागलं.

कुणाला सांगू नको. नजर लागती.

आणि एक. सुरू केलंस की थांबायचं न्हाई. मधीच सोडलंस तर होतीस त्याच्यापरास काळी होशील. मग माझ्याकडं रडत यायचं न्हाई, सांगून ठेवते.

हे सगळं पार्लरवाल्या राणीताईनं सांगितलं. राणीताई वाईट बाई नव्हती. जी डबी ती मुलींना द्यायची तीच स्वतः लावायची. बोलता बोलता पाय स्टुलावर घेऊन घोटे चोळत बसायची. दिवसभर उभं राहून सुजतात, म्हणायची.

सोन्याला पांढरं पाडणारी वस्तू चेहऱ्याला लावू नये, हे नर्सिंगच्या मुलीला कळायला हवं होतं. कळलंही. पण ते असं कळलं: एवढं कडक आहे, म्हणजे नक्की गुण येणार.


"हो, तूच"

गुण आला.

आधी कपाळ उजळलं, मग नाकाच्या बाजू, मग सगळाच चेहरा, आतून दिवा लावल्यासारखा. मान तेवढी मागं राहिली, म्हणून मानेला लावलं. हात मागं राहिले, म्हणून हातांना. कँटीनचा माणूस तिला ताई म्हणायचा तो मॅडम म्हणायला लागला. वॉर्डात पेशंटचे नातेवाईक आधी शिवांजलीला विचारायचे, आता दोघींना विचारतात.

दिवाळीत ती घरी गेली तेव्हा अपेक्षा तिच्याकडं बघतच राहिली. काय लावतीस, काय लावतीस, म्हणून पाठीमागं लागली. मायानं नाही म्हणून बघितलं. मग बॅगेतली नवी डबी काढून तिच्या हातात ठेवली आणि अंगठी काढून ठेवायला सांगितलं.

कॉलेजचा शपथविधी, नर्सिंगच्या मुली शपथ घेतात तो कार्यक्रम, जवळ आला. मुली रांगेत उभ्या राहिल्या. सांस्कृतिक विभागाच्या मॅडम चालत आल्या, बोट चालत आलं, मायापाशी थांबलं. मायानं मागं बघितलं.

"हो, तूच," मॅडम म्हणाल्या.

ताट पितळेचं होतं आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड. सरावाला त्यात निरांजन नव्हतं, तरी ती ज्योत विझू नये अशी हळूहळू चालली. त्या दिवशी कुठलीच भीती नव्हती. तेवढा एक दिवस.


"अंग धरलंय पोरीनं"

तिचे वडील तात्याबा, मुलींचे आप्पा, भावकीतल्या कुणाला तरी बघायला मिरजेच्या दवाखान्यात आले होते. येताना ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन हॉस्टेलच्या फाटकात उभे राहिले.

आप्पांनी जन्मभर मेंढरं पारखली. माडग्याळच्या बाजारात लोक त्यांना हाताला धरून नेतात. ते लोकरीत बोटं घालून पाठीचा कणा चाचपतात आणि सांगतात, मास हाय का नुसतीच लोकर. त्यांचं चुकल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

त्यांनी फाटकातून मायाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. तोंडभर हसले.

"अंग धरलंय पोरीनं. मिरजंचं पानी लागलं."

मायानं विश्वास ठेवला. आप्पा म्हणतायत म्हणजे असेल. जेवण बरं आहे इथलं, झोप बरी आहे. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत तिनं विश्वास ठेवला. आप्पांना एसटीत बसवून खोलीवर आल्यावर चप्पल पायातून निघेना.


"कुठल्या वॉर्डातला पेशंट?"

लघवीतली प्रथिनं तपासायची जुनी पद्धत अशी. परीक्षानळी पाऊण भरायची. चिमट्यात तिरकी धरायची. दिव्यावर वरचा भाग तेवढा तापवायचा, खालचा तसाच ठेवायचा, म्हणजे फरक दिसतो. वरचं स्वच्छ राहिलं तर ठीक. गढूळ झालं तर ॲसिडचे थेंब टाकायचे. गढूळपणा गेला तर ठीक.

नाही गेला तर नाही.

प्रॅक्टिकलला वॉर्डातून आलेले नमुने कमी पडले. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ज्यांना मिळाले नसतील त्यांनी स्वतःचा घ्या. मुली हसल्या, एकमेकींना ढकलत बाथरूमकडं गेल्या. मायाला नमुना मिळाला होता. तरी ती गेली.

कारण बरेच दिवस लघवीला फेस येत होता. साबणाचा येतो तसा, पाणी ओतलं तरी न मोडणारा.

तिनं नळी तापवली.

वरचा भाग पांढरा झाला.

गढूळ नव्हे, पांढरा. अंडं उकडल्यावर होतं तसा.

थेंब टाकला.

पांढरा.

आणखी एक.

पांढरा.

मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी नळी हातात घेऊन उजेडात धरली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं, इतकं स्पष्ट नेहमी बघायला मिळत नाही म्हणाल्या. मुलींनी माना पुढं केल्या. शिवांजलीनं फोटो काढला.

"कुठल्या वॉर्डातला पेशंट?"

"फीमेल मेडिकल," माया म्हणाली.

"सूज असणार अंगावर. बघितलीस का?"

"हो, मॅडम."

"ड्यूटी डॉक्टरांना सांग आजच. थांबू नको."

"हो, मॅडम."

आवाज जराही हलला नाही.


पारा.

हा शब्द तिला मोबाईलवर सापडला. खात्री करायला पुस्तक काढलं, तिथंही होता. गोरं करणाऱ्या काही बिननावाच्या क्रीममध्ये घालतात. कातडीतून आत जातो. मूत्रपिंडात साठतो. वेळीच थांबवलं तर बहुतेकांचं भरून येतं, असं लिहिलं होतं. वेळीच म्हणजे कधी, ते लिहिलं नव्हतं.

भीती एकच असती तर सोपं होतं. भीती एकच असती तर माणूस पळतो. तिच्या दोन होत्या. एक मागं ओढत होती, एक पुढं ढकलत होती, आणि दोघींच्या मध्ये माया सरळ उभी होती. लेक्चरला बसत होती, जेवत होती, ताट धरायचा सराव करत होती. बघणाऱ्याला काहीही दिसलं नसतं. दिसलं असतं ते एवढंच, की छान दिसते.

त्या संध्याकाळी तिनं अंगठी काढून ठेवली आणि चेहऱ्याला लावलं.

थोडंच लावलं. "थोडंच," असं मोठ्यानं म्हणाली.

डबीचं झाकण लावताना तिला दुसरी डबी आठवली, अपेक्षाची. तिनं मोबाईल घेतला.


अपे, ती डबी

(पुसलं.)

अपे, ऐक, ते क्रीम आजपासून लावू नकोस

(पुसलं. ती विचारेल, का? मग विचारेल, आणि तू?)

अपे, तुझे पाय सुजतात का गं

(पुसलं. सुजत नसतील तर उगाच घाबरेल. सुजत असतील तर)

(पुसलं.)

अपे जेवलीस का

(पाठवलं.)


"माझंबी गाल आलं"

दुसऱ्या दिवशी अपेक्षाचाच फोन आला. ती खुशीत होती. मागं मेंढरांचा आवाज होता, आईचा कुणाला तरी हाका मारण्याचा आवाज होता.

"ताय, गंमत सांगू? माझंबी गाल आलं."

मायानं खोलीचं दार लावून घेतलं.

"ऐकतीस का? पैंजण रुताय लागल्यात. आये म्हनती, तूबी तायवानी अंग धराय लागलीस. आन शालूकाकूनं काल माझी नजर काढली. माझी. मीठ-मोहऱ्या घिऊन. जलमात पयल्यांदा कुनीतरी माझी नजर काढली, ताय."

"अपे, सकाळी डोळे जड लागतात का?"

"जरा. झोप लय यती हल्ली."

"ते क्रीम बंद कर. आजच. टाकू नकोस, पण लावूबी नकोस."

मेंढरं ओरडत राहिली.

"तू केलंस?"

"त्यात पारा असतो, अपे, किडनीला—"

"तू केलंस का बंद?"

मायानं तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं. एक अक्षर.

"म्हंजे न्हाई," अपेक्षा म्हणाली. मग तिचा आवाज बदलला, मागच्या बाकावरच्या पोरांचा झाला. "बराबर हाय. तू ताट धरायचं. आमची लाईट गेलेलीच बरी."

त्यानंतर तिनं फोन उचलला नाही. संध्याकाळी आईनं उचलला. कशाला भांडता गं दोघी, म्हणाली, ती बघ आरशापुढनं हालंना झालीया, कवा न्हाई ते खूश हाय पोर, तू तेवढं मोडू नगंस.


शपथविधीच्या सकाळी शिवांजली निम्म्या नऊवारीत होती. निऱ्या दातांत धरल्या होत्या आणि हातांनी काष्टा ओढत होती. मायानं पाठीला बॅग लावलेली बघून तिनं निऱ्या सोडल्या.

माया म्हणाली, त्या दिवशीचा नळीचा फोटो आहे का तुझ्याकडं? तो असू दे. ती नळी माझी होती.

शिवांजली पलंगावर बसली. लुगडं सगळं भोवती पसरलं. आता ती विचारेल कशाला लावलंस, आणि ते तिच्या तोंडून ऐकायला लागू नये असं मायाला वाटत होतं. शिवांजलीनं तोंड उघडलं, मायाकडं बघितलं आणि ते वाक्य गिळलं. मग विचारलं, कुठं निघालीस? मायानं सांगितलं, गावी, अपेक्षाला आणायला. दवाखाना समोर आहे, बया, आधी स्वतःला दाखव, असं ती म्हणाली. पण उठून तिनंच मायाची पाण्याची बाटली भरून दिली. इकडं केसपेपर काढून ठेवते म्हणाली, दोघींचे.

"आणि ताट?" मायानं विचारलं. आपण हे आत्ताही विचारतोय याची तिला लाज वाटली.

"ताटाचं काय. मला कधी कुणी विचारलंय का, तुला धरायचंय का म्हणून?" शिवांजली लुगडं गोळा करत होती. "मला म्हणतात, तू दिसायला चांगली आहेस, तू बोलू नकोस."


जतला जाणाऱ्या एसटीत खिडकीकडची जागा मिळाली आणि ऊन त्याच बाजूला होतं. मायानं स्कार्फ नाकावर ओढला, हातमोजे घातले, ओढणी त्यावर गुंडाळली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, ताप हाय का बाळा? माया हो म्हणाली.

ती हिशेब करत होती. दिवाळीपासून. अपे किती लावत असेल? मी थोडंच म्हणाले होते का तिला? म्हणाले होते. नक्की म्हणाले होते. पण मी तरी थोडं लावलं का? अपे सगळ्यात अधीर. भात शिजायच्या आधी झाकण उघडणारी. ती थोडं लावेल? चेहऱ्यालाच लावेल? ती


"बघ की, कशी दिसाय लागली"

आई, सुलाबाई, अंगणात ज्वारी पाखडत होती. माया न सांगता आलेली बघून सूप तिथंच टाकून उठली आणि पहिलं वाक्य हे बोलली. कौतुकानं. घरात बोट दाखवून.

अपेक्षा उंबऱ्याच्या आत बसली होती. तिनं मायाकडं बघितलं नाही.

चेहरा गोल होता. गुळगुळीत. उजळ. गालांची हाडं कुठं गेली होती कळत नव्हतं. डोळे बारीक झाल्यामुळं ती हसत असल्यासारखी वाटत होती. सुंदर. मायाच्या मनात आधी तोच शब्द आला. मग ती बहिणीसमोर खालीच बसली.

तिनं अपेक्षाचा पाय ओढून मांडीवर घेतला. अपेक्षानं तो हिसकायला बघितलं. मायानं सोडला नाही. पैंजणाच्या वर, नडगीवर, अंगठा दाबून धरला. मग उचलला.

खळगा.

आई वाकून बघायला लागली. खळगा भरेना. ओल्या मातीत अंगठा रोवावा तसा तो तिथंच राहिला.

मायानं स्वतःची सलवार वर केली. स्वतःच्या नडगीवर दाबलं. दुसरा खळगा.

आप्पा गोठ्याकडून आले होते. दोन्ही पायांकडं बघत उभे राहिले.

"आये, ह्याला अंग धरणं म्हनत न्हाईत," माया म्हणाली. "हे पानी हाय. आतनं काहीतरी गळाय लागलंय आमच्या. दोघींच्या."

तिनं सगळं सांगितलं. पारा, डबी, नळी. सांगताना आईचा चेहरा बघवेना, म्हणून ती आप्पांकडं बघत बोलली. आप्पा खाली बसले. मेंढराला हात लावल्याशिवाय ते कधी बोलत नाहीत. पोरींना त्यांनी नुसतं बघितलं होतं.

त्यांनी हात पुढं केला, अपेक्षाच्या पायावर अंगठा टेकवला, हलकाच, आणि लगेच काढून घेतला.

"ऊठ," ते म्हणाले. "दवाखान्यात जायाचं."

"मी न्हाई येनार."

आईनं समजावलं, आप्पा ओरडले, शेजारची शालूकाकू आवाज ऐकून दारात आली आणि काय झालं ते न कळताच परत गेली. अपेक्षा भिंतीला पाठ लावून बसली होती. मरत न्हाई मी, म्हणत होती. जरा कुठं लोक बघाय लागल्यात. तुमी कुनी तवा आला हुता का दवाखान्यात न्याला, जवा मी काळी हुते?

मग ती झटक्यात उठली आणि मायाची बॅग ओढली. का ओढली तिलाही सांगता आलं नसतं. कपडे बाहेर काढले, बाटली काढली, टॉवेल काढला. टॉवेलात काहीतरी टणक लागलं. तिनं तो उलगडला.

डबी.

"आन हे काय हाय?"

डॉक्टरांना दाखवायला आणलीय, असं म्हणता आलं असतं. खरंही वाटलं असतं. वाक्य मायाच्या जिभेवर तयार होतं.

अपेक्षानं झाकण उघडलं. क्रीमवर बोटांच्या ताज्या खुणा होत्या.

"मला सोडायला सांगाय आलीस," अपेक्षा हळू म्हणाली, "आन सकाळी लावून आलीस."

"मला भ्या वाटतं, अपे."

"कशाचं?"

"मरायचं. आन परत तशी दिसायचं. दोन्हीचं सारखंच वाटतं. मला ठरवता येईना."

अपेक्षानं डबीचं झाकण लावलं, आत गेली आणि कपड्यांच्या घडीखालून स्वतःची घेऊन आली. जवळजवळ रिकामी.

"मलाबी," ती म्हणाली.

आईनं दोन्ही डब्या पदरात धरून उचलल्या, हात न लावता, इंगळी उचलावी तशा, आणि पिशवीत टाकून तोंड सुतळीनं आवळलं.


ते मिरजेत पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती, पण शिवांजलीनं केसपेपर काढून ठेवले होते. लांबलेल्या कार्यक्रमातून ती तशीच आली होती, नथीसकट, आणि दवाखान्यातले लोक वळून वळून तिच्याकडं बघत होते. रक्त घेतलं. लघवी घेतली. डब्यांची पिशवी डॉक्टरांनी टेबलावर ठेवून घेतली. त्या शांत बोलणाऱ्या बाई होत्या, आणि शांत आवाजाची मायाला जास्त भीती वाटली.

रिपोर्ट आले तेव्हा त्यांनी आधी अपेक्षाला विचारलं, कुठं कुठं लावत होतीस? अपेक्षा आप्पांकडं बघून लाजली. तोंडाला, म्हणाली. मानेला. हातांना. पायांना. पोटालापण. लवकर व्हावं म्हणून.

डॉक्टरांनी मान हलवली. मायाच्या लघवीतून जे गळत होतं त्याहून धाकटीचं जास्त होतं. तिला आजच दाखल करायचं. मायानं रोज यायचं. औषधं लागतील, मीठ बंद, पुन्हा पुन्हा तपासण्या. अशा बऱ्याच मुलींचं थांबवल्यावर सुधारतं. वेळ लागतो. हिचं सुधारेलच असं आज सांगता येणार नाही, आठ-पंधरा दिवस बघावं लागेल. कदाचित सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल.

आप्पा भिंतीला टेकून उभे होते. आईनं तोंडात पदर धरला होता.

"काही विचारायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

माया नर्सिंगची विद्यार्थिनी होती. तिला कितीतरी विचारता आलं असतं. पण अपेक्षा आधी बोलली. हात मांडीखाली दाबून, डॉक्टरांच्या डोळ्यांकडं न बघता.

"बंद केल्यावर रंग परत पयल्यासारखा काळा हुईल का?"

शिवांजलीनं नथ काढायला हात वर नेला होता, तो तिथंच राहिला. आप्पांनी अपेक्षाकडं बघितलं, मग मायाकडं, आणि तेव्हा मायाच्या लक्षात आलं की आपण खुर्चीत पार पुढं सरकून बसलोय, कडेला, पडायच्या बेतात. मूत्रपिंडाचं सांगत होत्या तेव्हा पाठ खुर्चीला टेकलेली होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दोघींकडं आळीपाळीनं बघितलं.

"हो," त्या म्हणाल्या. "होईल."

अपेक्षानं मांडीखालचा हात काढला आणि टेबलाखालून मायाचा हात शोधला. दोन्ही हात गार पडले होते.